हरिपंत तात्या फडके आणि पनवेलची वाट

गाढी नदीच्या एका तीरावर पनवेल व दुसऱ्या तीरावर करंजाडें अशी या भागाची मांडणी आहे. माथेरानच्या डोंगरांतून उतरलेली ही नदी येथून जवळच पनवेलच्या खाडीस मिळते. शाळेच्या कामांतून मोकळे झाल्यापासून आमचें वास्तव्य करंजाड्यास आहे. सायंकाळीं मोकळ्या जागीं उभें राहिलें म्हणजे पूर्वेकडे प्रबळगडाची रांग, दक्षिणेकडे कर्नाळ्याचा सुळका आणि पश्चिमेकडे खाडी दिसते. पुण्यास जाणारी जुनी वाट याच मुलखांतून चौक, खालापूर, खोपोली या गांवांवरून बोरघाटास लागते. इ. स. १७७८ ते १७८१ या अवधींत इंग्रजांची फौज दोन वेळां या वाटेनें घाटाकडे गेली आणि दोन्ही वेळां अपयश पदरीं घेऊन परतली. पहिलें अपयश वडगांवच्या नांवानें प्रसिद्ध आहे. दुसरें अपयश घाटाखालीं, खोपोली व पनवेल यांच्या दरम्यान घडलें. त्याला कोणत्याहि एका रणांगणाचें नांव चिकटलें नाहीं, म्हणून तें शालेय पुस्तकांत एका ओळींत आटोपतें. त्या दुसऱ्या प्रसंगीं मराठ्यांच्या मुख्य फौजेचे जे नायक होते त्यांत हरिपंत तात्या फडके हे प्रमुख होत. त्यांच्या कारकीर्दीचा विचार या वाटेवरून करावा, असा आमचा हेतु आहे.

हरिपंतांविषयीं एक मत रूढ होऊन बसलें आहे. ते नानांचे विश्वासू, स्वभावानें सौम्य, लढाईंत सावध, कर्तृत्वानें मध्यम, असें त्यांचें वर्णन करण्याची वहिवाट आहे. महादजी शिंदे यांचें तेज आणि नाना फडणिसांची बुद्धि यांच्या मध्यें हे गृहस्थ झांकोळून जातात. आमच्या मतें हा निकाल अर्धवट पुराव्यावर दिलेला आहे. तरवारीच्या हातावरून सेनापतीची परीक्षा केली तर हरिपंत मध्यम ठरतील. परंतु फौजेच्या पोटावरून केली तर त्यांच्या तोडीचा सरदार त्या काळांत क्वचित् सांपडेल. ही दुसरी परीक्षा येथें करून पाहूं.

१. कारकुनाचा सेनापति

हरि बल्लाळ फडके यांचें घराणें गुहागरचें. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं ते पुण्यास आले व लेखणीच्या चाकरींत शिरले. थोरल्या माधवरावांच्या वेळीं त्यांचा दरबारांत व स्वाऱ्यांत प्रवेश झाला. ज्या सरदारांचे बाप-आजे घोड्यावर वाढले, त्यांच्याहून हरिपंतांची घडण निराळी होती. त्यांनीं फौज प्रथम पाहिली ती हजिऱ्यांत व हिशेबांत. किती घोडीं, किती बैल, किती शिधा, किती दिवस पुरेल, कोणत्या पेठेंतून धान्य येईल, हे प्रश्न सरदारास कंटाळवाणे वाटतात. कारकुनाचा दिवस त्यांतच जातो. पुढें आयुष्यभर हरिपंतांचें युद्ध याच प्रश्नांभोंवतीं फिरत राहिलें, हें ध्यानांत ठेवावें.

नारायणरावांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजीं झाला आणि दरबारांत रघुनाथरावांविरुद्ध बारभाईंचें कारस्थान उभें राहिलें. त्रिंबकराव पेठे हे त्या पक्षाचे पहिले सेनापति. २६ मार्च १७७४ रोजीं पंढरपुराजवळ कासेगांव येथें त्यांचा पराभव झाला, ते जखमी होऊन शत्रूच्या हातीं सांपडले व त्यांतच वारले. सेना बिनधनी झाली. पुरंदरावर गंगाबाईंस प्रसूत होण्यास तीन आठवडे उरले होते; वारस पुत्र कीं कन्या हेंहि ठरावयाचें होतें. अशा वेळीं फौजेची सूत्रें हरिपंतांकडे आलीं. १८ एप्रिलला सवाई माधवराव जन्मले, तेव्हां त्या बालकाच्या राज्याचा मैदानांतील आधार म्हणजे हा एका वेळचा कारकून होता.

हरिपंतांनीं रघुनाथरावांचा पाठलाग सुरू केला तो तापी व नर्मदा ओलांडून गुजराथेपर्यंत. १७ फेब्रुवारी १७७५ रोजीं महीकांठीं आनंद-मोगरी येथें त्यांनीं रघुनाथरावांची फौज उधळली. रघुनाथराव खंबायतेकडून सुरतेस इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि मार्च १७७५ मध्यें सुरतेचा तह झाला. अशा रीतीनें घरचें भांडण इंग्रजांशीं युद्ध होऊन बसलें. १८ मे १७७५ रोजीं अडास येथें कर्नल कीटिंग याच्या फौजेशीं हरिपंतांची समोरासमोर गांठ पडली. इंग्रजांचीं सव्वादोनशेंच्या सुमारास माणसें पडलीं, त्यांत अकरा गोरे अधिकारी होते. परंतु मैदान इंग्रजांकडे राहिलें व हरिपंतांस नर्मदेच्या दक्षिणेस यावें लागलें.

अडासची लढाई हरिपंतांच्या चरित्रांत पराजयाच्या रकान्यांत लिहिली जाते. तसें लिहिण्यास आमची हरकत नाहीं. परंतु तिचा उपयोग त्यांनीं काय केला हें महत्त्वाचें आहे. शिस्तीच्या पायदळाच्या बंदुकींवर व तोफांवर घोडदळ घालणें म्हणजे शत्रूला हवें तें त्याच्या हातीं देणें होय, हा धडा त्या दिवशीं मिळाला. त्यापुढील इंग्रजांच्या युद्धांत मराठ्यांची मुख्य फौज शत्रूच्या तोंडासमोर क्वचितच राहिली. ती त्याच्या पाठीशीं व कुशीशीं राहूं लागली.

२. वीवध, आसार, प्रसार

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शत्रुसैन्याच्या तीन आधारांची नांवें एकत्र येतात. वीवध म्हणजे मागून येणारी धान्याची रसद. आसार म्हणजे मित्रांकडून येणारी कुमक. प्रसार म्हणजे छावणीच्या आसपास गवत, लांकूड, पाणी गोळा करण्यासाठीं होणारा फेरा. हे तीन धागे तुटले कीं सैन्य न लढतां खचतें, असा त्या शास्त्राचा आशय आहे. हरिपंतांनीं हा ग्रंथ वाचला होता असें आम्ही सुचवीत नाहीं. तो छापून लोकांपुढें आला १९०९ सालीं. परंतु त्यांच्या मोहिमा समजून घेण्यास या तीन शब्दांहून चांगलें माप आम्हांस मिळालेलें नाहीं.

हें माप प्रथम १७७८-७९ च्या मोहिमेस लावून पाहूं. मुंबईकर इंग्रजांनीं रघुनाथरावांस पुण्यास नेऊन बसविण्यासाठीं नोव्हेंबर १७७८ मध्यें फौज धाडली. ती गलबतांतून पनवेलच्या खाडींत उतरली. मनुष्यबळ सुमारें ३,९००. त्यांच्या बरोबर १९,००० बैल होते, असें ग्रांट डफ सांगतो. म्हणजे माणशीं जवळजवळ पांच बैल झाले. हे बैल सामान वाहतात खरे, पण ते स्वतः खातातहि. घाट चढल्यावर खंडाळ्याहून कारल्यापर्यंतचे आठ मैल जावयास या फौजेस अकरा दिवस लागले. तिच्यापुढें मराठे मागें सरत होते व सरतांना दाणावैरण जाळीत होते. ४ जानेवारी १७७९ रोजीं कारल्यास कप्तान स्टुअर्ट पडला. त्याचें इष्टुर फांकडा हें नांव लोकांच्या तोंडीं आजवर राहिलें. तळेगांवास पोंचल्यावर इंग्रजांस जळलेलें गांव मिळालें. पुण्यासहि वेळ पडल्यास आग लावण्याची तयारी होती. ११ जानेवारीच्या रात्रीं इंग्रज सेनानींनीं जड तोफा तळ्यांत लोटून पाय मागें घेतला आणि चार-पांच दिवसांनीं वडगांवीं करार लिहून दिला.

या मोहिमेंत नाना, महादजी, तुकोजी होळकर व हरिपंत असे चौघेहि होते. यशाचा वांटा लावतांना महादजींकडे मोठा भाग जातो व तो योग्यच आहे. आम्हांस सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, वडगांवचा जय प्रथम दाण्यावैरणीच्या बाजूनें झाला व मग तरवारीनें त्यावर शिक्का मारला.

३. सन १७८१ : खोपोली ते पनवेल

पुढें दोन वर्षांनीं परिस्थिति फार कठीण झाली. महादजी उत्तरेस गुंतले होते. बंगाल्याहून आलेला जनरल गॉडर्ड हा मुंबईच्या पूर्वीच्या सेनानींसारखा दुबळा नव्हता. फेब्रुवारी १७८० मध्यें त्यानें अहमदाबाद घेतली. ११ डिसेंबर १७८० रोजीं वसई त्याच्या हातीं गेली. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं एवढ्या रक्तानें घेतलेली वसई गेल्याचें दुःख पुण्यास किती झालें असेल, हें सांगावयास नको. दुसऱ्याच दिवशीं दुगाडच्या लढाईंत रामचंद्र गणेश हे शूर सरदार गोळी लागून पडले. उत्तर कोंकण बहुतेक इंग्रजांकडे गेलें. ८ फेब्रुवारी १७८१ च्या रात्रीं गॉडर्डच्या सैन्यानें बोरघाटाचा माथा काबीज केला आणि स्वतः गॉडर्डनें घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस तळ दिला.

घाट इतक्या सहज गेला हा ठपका हरिपंतांवर येतो. तो आम्ही झांकीत नाहीं. परंतु घाट जाण्याचा परिणाम कोणावर काय झाला, हें पाहावें. पुण्याचा दरवाजा उघडला असें इंग्रजांस वाटलें. घाट हातीं आला कीं दरबार नमेल, असा गॉडर्डचा हिशेब होता. दरबारानें बोलणें सुरू ठेवलें, पण कबूल कांहींच केलें नाहीं. बोलण्यांत फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एवढ्या अवधींत गॉडर्डची फौज एका अरुंद पट्टींत अडकली : वर घाटमाथ्यावर तिची चौकी, खालीं खोपोलीस छावणी, आणि तिचें अन्न मुंबईहून पाण्यानें पनवेलीस व पनवेलीहून बैलांच्या पाठीवर खोपोलीस. दहाबारा कोसांची ही वाट म्हणजे त्या सैन्याचा घसाच होता.

पहिला धागा वीवधाचा. परशुरामभाऊ पटवर्धन मोठें घोडदळ घेऊन घाटाखालीं उतरले. १५ मार्च रोजीं चौकाजवळ त्यांनीं धान्याच्या कामावर निघालेल्या कप्तान मॅके याच्या तीन पलटणी गांठल्या. पलटणी निसटल्या, परंतु पुढें लहान तुकडीनें रसद आणणें अशक्य झालें. दुसरा धागा आसाराचा. नवी रसद आणण्यासाठीं गॉडर्डला कर्नल ब्राऊन याच्या हाताखालीं आपल्या सैन्याचा भला मोठा भाग पनवेलीस धाडावा लागला. म्हणजे छावणीस कुमक येण्याऐवजीं छावणींतलें बळ रसदेच्या राखणीस गेलें. एप्रिलच्या मध्यास ब्राऊन तो तांडा घेऊन परतला तो वाटेनें पावलोंपावलीं झुंजत व माणसें गमावीत. तिसरा धागा प्रसाराचा. कोंकणांत चैत्र-वैशाखांत हिरवें गवत नसतें. जनावरांस शेतकऱ्याचा पेंढा तेवढा असतो. तो संपला कीं बैल संपले, आणि बैल संपले कीं तोफ जागची हलत नाहीं. गवतासाठीं छावणीबाहेर गेलेला मनुष्य मराठी स्वारांच्या टापूंत सांपडे.

पावसाळा दीड महिन्यावर आला तेव्हां गॉडर्डला उमगलें कीं घाट राखणें म्हणजे उपाशी मरणें आहे. त्यानें माथ्यावरील तोफा व सामान खालीं आणलें आणि २० एप्रिलच्या पहांटे खोपोलीहून कूच केलें. याच क्षणाची हरिपंत व तुकोजी होळकर वाट पाहत होते. त्यांच्या फौजा घाटांतून खालीं उतरल्या. पुढून व बाजूनें परशुरामभाऊ होतेच. पहिली मजल खालापूर, दुसरी चौक. तेथें एक दिवस थांबून २३ एप्रिलला इंग्रजी सैन्य पनवेलीस पोंचलें. ज्यानें हा मुलूख पायीं तुडविला असेल त्याला ही मजल कशी झाली असेल तें कळेल. वाटेच्या दोन्ही अंगांस झाडीच्या टेकड्या, मध्यें ओढ्यांचीं खोल पात्रें, भाताच्या खाचरांचे बांध. घोडदळाला धांवून घाव घालण्यास हा मुलूख वाईट. परंतु बांधाआडून व झाडीआडून मारण्यास फार सोयीचा. इंग्रजांनीं शिस्त सोडली नाहीं, हें त्यांचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. तरी या माघारींत त्यांचे ४६६ लोक ठार व जखमी झाले, त्यांत १८ गोरे अधिकारी होते. पिछाडी संभाळणारा कर्नल पार्कर याच लढाईंत प्राणांतिक जखमी झाला. फेब्रुवारींत घाटाचा माथा घेणारा अधिकारी हाच होता.

पनवेलीस खाडी, गलबतें व मुंबईचा आधार मिळाल्यावर पाठलाग संपला. गॉडर्डनें पावसाळ्यासाठीं फौज कल्याणाकडे नेली. यानंतर पुण्यावर चालून जाण्याचा विचार त्या युद्धांत इंग्रजांनीं पुन्हां केला नाहीं. १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह झाला. वसई पेशव्यांस परत मिळाली आणि रघुनाथरावांचा पक्ष इंग्रजांनीं सोडला. सालबाईचें श्रेय महादजींच्या मध्यस्थीस मिळतें. त्या मध्यस्थीस वजन कशानें आलें, याचें एक उत्तर खोपोली-पनवेलच्या वाटेवर आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट करणें जरूर आहे. हा जय एकट्या हरिपंतांचा नव्हे. वाट तोडली परशुरामभाऊंनीं, पाठलागांत तुकोजी बरोबरीचे होते, आणि पुण्यास बसून बोलण्याचा घोळ नानांनीं घातला. आमचें म्हणणें असें कीं, या तिन्ही हातांस एकत्र ठेवणें व अडासची घाई पुन्हां होऊं न देणें, हें मुख्य सेनापतीचें काम होतें व तें हरिपंतांनीं केलें. सरदारांचे मानापमान संभाळून त्यांस एका कामावर टिकविणें हें त्या काळांत शत्रूशीं लढण्याहून सोपें नव्हतें.

४. तोडलेली रसद आणि दिलेली रसद

हरिपंतांचा पुढील काळ बहुतेक कर्नाटकांत गेला. १७८६ च्या टिपूवरील स्वारींत २० मे रोजीं बदामीचा किल्ला पडला. नाना पुण्यास परतल्यावर मोहिमेचा भार हरिपंतांवर राहिला व १७८७ मध्यें गजेंद्रगडचा तह होऊन ती संपली. तीन वर्षांनीं टिपूविरुद्ध पेशवे, निजाम व इंग्रज एक झाले, तेव्हां पुण्याच्या फौजेचे नायक हरिपंत व परशुरामभाऊ होते. आणि येथें इतिहासानें एक विलक्षण जोडी जुळविली आहे.

मे १७९१ मध्यें लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाजवळ पोंचला. त्यानें लढाई जिंकली, परंतु त्याचे बैल मेले, धान्य संपलें, छावणींत रोगराई पसरली. किल्ले फोडण्याच्या जड तोफा स्वतःच्या हातानें नष्ट करून तो मागें फिरला. दहा वर्षांपूर्वीं खोपोलीस गॉडर्डची जी गत झाली तीच कॉर्नवॉलिसची झाली. अशा स्थितींत मेलकोट्याच्या बाजूस त्याला मराठी घोडेस्वार दिसले. ती हरिपंत व परशुरामभाऊ यांची फौज होती. तिच्याबरोबर भरलेला बाजार होता. तांदूळ, डाळ, तूप, कापड, इतकेंच नव्हे तर सराफ व कसबी कारागीरहि त्या बाजारांत होते. भाव चढे होते अशी कुरकुर इंग्रजांनीं केली आहे. पण उपाशी सैन्य त्याच बाजारावर जगलें. हरिपंतांनीं खर्चासाठीं रोख पैसा मागितला, तेव्हां चीनकडे निघालेला कंपनीचा पैसा थांबवून कॉर्नवॉलिसनें त्यांची सोय केली, असेंहि नमूद आहे. पुढील वर्षीं १८ मार्च १७९२ रोजीं श्रीरंगपट्टणचा तह झाला व टिपूचें अर्धें राज्य तिघांनीं वांटून घेतलें. त्या बोलण्यांत पेशव्यांच्या वतीनें हरिपंत होते.

ज्या मनुष्यानें १७८१ मध्यें रसद तोडून एक इंग्रजी सेना मागें हटविली, त्यानेंच १७९१ मध्यें रसद देऊन दुसरी वांचविली. शत्रु कोण व मित्र कोण हें राजकारण ठरवितें. हरिपंतांस दोन्ही वेळां एकच विद्या उपयोगी पडली. तलवारबहाद्दर सरदाराच्या चरित्रांत अशी जोडी सांपडणार नाहीं.

अखेरच्या काळांत महादजी पुण्यास आले. त्यांच्या व नानांच्या मनांतील गांठी सोडविण्याच्या कामीं हरिपंतांचा उपयोग झाला. १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं वानवडीस महादजी वारले आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत सिद्धटेक येथें हरिपंतांनीं देह ठेविला. सिद्धटेकच्या गणपतीवर त्यांची निष्ठा होती. सेनापतिपद गेलें असतां त्यांनीं तेथें एकवीस दिवस प्रदक्षिणा घातल्या व पद परत मिळालें, अशी आख्यायिका त्या क्षेत्रीं सांगतात. आख्यायिकेस आम्ही पुरावा मानीत नाहीं. मात्र लोकांनीं या सेनापतीची आठवण विजयाच्या कथेंत न ठेवतां पायीं घातलेल्या प्रदक्षिणांच्या कथेंत ठेविली, हें त्यांच्या स्वभावास शोभणारें आहे. मार्च १७९५ मध्यें खर्ड्याची लढाई झाली तेव्हां हरिपंत नव्हते. आणि सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर दरबारांत जो कलह माजला त्या वेळीं सरदारांस एका जागीं बसविणारा मनुष्य पुण्यास उरला नव्हता.

५. या विद्येची किंमत

येथवर हरिपंतांची बाजू मांडली. आतां त्याच हिशेबाचें दुसरें पान उलटणें प्राप्त आहे. दाणावैरण जाळून शत्रु हटतो, पण ती दाणावैरण कोणाची असते?

पनवेल-खालापूरच्या पट्टींत पीक भाताचें. तें दिवाळीच्या सुमारास कापून झोडतात. दाणा घरांत जातो व पेंढ्याच्या उडव्या रचतात. त्या पेंढ्यावर जनावरें पावसाळ्यापर्यंत जगवावयाचीं असतात. फाल्गुन-चैत्रांत शेतकरी राब करतो, म्हणजे पालापाचोळा, गवत व शेण पसरून रोपाची जागा भाजून घेतो. खाडीच्या बाजूस खारीं शेतें असतात, त्यांचे बांध पावसापूर्वीं दुरुस्त न केल्यास समुद्राचें पाणी आंत शिरतें व जमीन कित्येक वर्षांस मुकते. गॉडर्डची छावणी खोपोलीस राहिली ती माघापासून चैत्र संपेपर्यंत, म्हणजे नेमक्या याच कामांच्या महिन्यांत. इंग्रजांस पेंढा हवा होता. मराठ्यांस तो इंग्रजांस मिळूं द्यावयाचा नव्हता. एकानें नेला काय किंवा दुसऱ्यानें जाळला काय, शेतकऱ्याच्या बैलास आषाढांत नांगर ओढण्याचें बळ कोठून येणार? त्या वर्षीं ४६६ माणसें पडल्याची नोंद इंग्रजांनीं ठेविली. गांवोगांवच्या बैलांची व बांधांची नोंद इतिहासाच्या छापील पुस्तकांत येत नाहीं.

मराठी राज्याच्या कागदांत मात्र तिला जागा होती. फौजेच्या येण्याजाण्यानें पिकाची नासाडी झाली तर पायमल्लीची सूट देण्याचा रिवाज होता. गांव ओस पडलें तर कौल देऊन रयत पुन्हां वसवीत. बैल, माणूस, लांकूड, गवत सरकारांत घेतलें तर त्याच्या याद्या होत. हे कागद सर्वच पुण्याच्या दप्तरांत जात नसत. कुळकर्णी, देशमुख, देशपांडे, खोत व देवस्थानें यांच्या घरीं त्यांच्या प्रती राहत. वासुदेव वामनशास्त्री खरे हे मिरजेस संस्कृताचे शिक्षक होते. त्यांनीं पटवर्धनांचें दप्तर वाचून ऐतिहासिक लेखसंग्रह छापला नसता, तर परशुरामभाऊंच्या व पर्यायानें हरिपंतांच्या मोहिमा आपण अद्याप डफाच्याच डोळ्यांनीं पाहत राहिलों असतों. सरदारांच्या पत्रांनीं सरदारांची बाजू उजळली. तीच गोष्ट आतां गांवच्या बाजूनें व्हावयास पाहिजे.

या संबंधांत आमच्या हातून झालेली एक चूक वाचकांपुढें कबूल करणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. करंजाड्यापासून फार दूर नसलेल्या एका गांवीं, जुन्या घराच्या माडीवर, रुमालांत बांधलेलें मोडी दप्तर असल्याचें आम्हांस कळलें. घरच्या वृद्ध गृहिणीनें तें आम्हांस मोठ्या आदरानें दाखविलें. वरचें पान आम्हीं उभ्या उभ्या वाचलें. भाताच्या मापांचा, खंडी-मण-पायलींचा हिशेब होता. आम्हीं मनांत म्हटलें, हिशेबच आहे, पत्रव्यवहार नाहीं, सवडीनें येऊं. सणवार, पावसाळा, प्रकृति अशा कारणांनीं ती सवड आठ महिने मिळाली नाहीं. पुन्हां गेलों तेव्हां घराच्या जागीं पाया खणलेला होता. कागद रद्दींत गेले होते. बाईंनीं तो रिकामा रुमाल तेवढा धुऊन, घडी करून आमच्यासाठीं ठेविला होता. "गुरुजी, तुम्ही याल म्हणून ठेवला," एवढेंच त्या बोलल्या. जो मनुष्य आज हिशेबाच्या कागदांतून सेनापतीची योग्यता ठरवूं पाहत आहे, त्यानेंच हिशेब म्हणून एक दप्तर हातचें घालविलें. तो रुमाल आमच्या टेबलावर असतो.

हा प्रकार एका घराचा नाहीं. पनवेलचा परिसर गेल्या पन्नास वर्षांत इतका पालटला आहे कीं जुना माणूस वाट चुकतो. करंजाड्यास सिडकोची वसाहत झाली. २०२५ सालीं सुरू झालेल्या विमानतळासाठीं गांवठाणें उठलीं व त्यांतील कांहीं घरें वडघर-करंजाडें भागांत येऊन वसलीं. घर उठतें तेव्हां देव्हारा नेतात, भांडीं नेतात, जमिनीचे अलीकडचे उतारे जपून नेतात. माडीवरचें मोडी गांठोडें वाचतां येत नाहीं म्हणून मागें राहतें. यांत त्या लोकांचा दोष नाहीं. वाचणारे वेळेवर जात नाहींत, हा दोष आमच्यासारख्यांचा आहे.

म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांस व विशेषतः संग्राहकांस आमची एक विनंति आहे. आपणांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं शिक्क्यांचीं पत्रें, सनदा, बखरी आहेत व त्यांचें जतन आपण प्राणाइतकें करतां. त्यांच्या शेजारीं गांवच्या जमाखर्चालाहि जागा द्यावी. खालापूर, चौक, पनवेल या वाटेवरील गांवांचे इ. स. १७७८ ते १७८२ च्या सुमाराचे सूट, कौल, वेठ-बिगार किंवा गवत-पेंढ्याच्या याद्या यांचें एखादें पान कोणाजवळ असल्यास त्याची नक्कल मंडळाकडे धाडावी. मूळ कागद मालकानें आपल्याच घरीं ठेवावा. मोडी वाचण्याचें काम आम्ही व आमचे दोन मित्र विनामूल्य करूं, आणि या खेपेस सवडीची वाट पाहणार नाहीं.

हरिपंत तात्यांचें चरित्र आजवर लढायांच्या क्रमानें लिहिलें गेलें. अडासला ते हरले, बदामीस जिंकले, श्रीरंगपट्टणास बसून बोलले, अशा नोंदींतून मध्यम योग्यतेचा एक सरदार दिसतो. धान्याच्या हिशेबानें तें लिहिलें तर त्यांत शत्रूच्या बैलांची भूक ओळखणारा सेनापति दिसेल आणि त्या हिशेबांत ज्यांचे बैल उपाशी राहिले ते शेतकरीहि दिसतील. दोघांसहि न्याय एकाच कागदांतून मिळावयाचा आहे. गाढीच्या कांठीं आतां इमारतींच्या रांगा उभ्या आहेत व खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्रंदिवस वाहनें धांवतात. त्या वाटेनें एप्रिल १७८१ मध्यें एक सेना उपाशी परतली, एवढें आम्हांस निश्चित माहीत आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या शेतांत त्या पावसाळ्यांत कितीसें पिकलें, हें सांगणारें पान जेथें असेल तेथून वेळींच हातीं यावें, हीच इच्छा.